मास्तरांचा गुरुवार

अगं, ती रोटी खाली ठेव आणि नुसती ऐक. मधे बोलायचं नाही, ‘मग काय झालं’ पण विचारायचं नाही, मी सांगतेच आहे. आपली केलेरा. हो तीच, इथे सुव्हात राइवंगाला माझ्या खोलीत राहते ती. तिचा केसाने गळा कापला गं! आणि कापणारी कोण, तर मावशी. तशी तिच्या आईची मामेबहीण, पण आई गेल्यावर लोसा मावशीनेच केलेराला वाढवलं, शिकवलं, नोकरीला लावलं, म्हणजे सख्खीच की.

थांब, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुला काही कळणार नाही.

केलेरा कोर्स डिझायनर आहे. म्हणजे काय, ते तिच्या गावात अजून कुणाला समजलेलं नाही. सुट्टीत घरी गेली की बाया बंद पडलेले फोन घेऊन दारात उभ्या. ‘तू कॉम्प्युटरवाली ना? हा बघ, चालत नाही.’ मी पण एकदा विचारलं, की बाई, तू नक्की करतेस काय? तर म्हणाली, ‘शिकवणाऱ्याला सगळं येत असतं, म्हणून त्याला सांगता येत नाही. शिकणाऱ्याला काहीच येत नसतं, म्हणून त्याला विचारता येत नाही. मी दोघांच्या मधे बसते आणि मूर्खासारखे प्रश्न विचारत राहते. त्याचा पगार.’

लोसा मावशी टमाव्हुआच्या टेकडीवरच्या त्या दूरशिक्षण केंद्राची मुख्य, केलेरा तिच्याच हाताखाली. एक दिवस तिने केलेराला बोलावलं आणि म्हणाली, ‘मानोआ मास्तरांचा कोर्स फोनवर आणायचा.’

मानोआ मास्तर म्हणजे बोटीच्या इंजिनांचे मास्तर. दरवर्षी मालवाहू जहाजात बसायचे आणि कांदावू, लाकेम्बा, रोटुमा, जिथे जहाज लागेल तिथे उतरून पोरापोरींना इंजिन दुरुस्त करायला शिकवायचे. बेटावर इंजिन बंद पडलं म्हणजे काय, हे तुला वेगळं सांगायला नको. मासे बंद, दवाखाना बंद, शाळा बंद. तर मास्तर तिथे देवासारखे. आणि त्यांना ते माहीत होतं बरं का! बढाया इतक्या मारायचे, की ऐकणाऱ्याने निम्म्या समुद्रात फेकाव्यात तरी उरतील. पण आता गुडघे गेले होते. गेल्या वर्षी जहाजातून होडीत उतरताना पाय घसरला आणि मास्तर थेट पाण्यात. पोरं हसली. मास्तरही हसले, पण घरी येऊन आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत.

‘त्यांना काय सांगू?’ केलेराने विचारलं.

‘सांग, जहाजातून जायचं बंद. पण दर गुरुवारी इथे बसायचं आणि सगळ्या बेटांशी बोलायचं. पोरं विचारणार, मास्तर सांगणार. कोर्स त्यांचाच राहील. माझा शब्द.’

बघ हं, ‘माझा शब्द’ म्हणाली. हे लक्षात ठेव.

केलेरा रीतीप्रमाणे मागणं घालायला यांगोनाची मुळी घेऊन नौसोरीला गेली. मास्तरांचं घर रेवा नदीच्या काठाला, पुलापासून जवळच. मास्तर चटईवर मांडी घालून बसले, मुळीकडे बघितलं, केलेराकडे बघितलं, तिच्या मागे बघितलं.

‘रीतीप्रमाणे तुझ्यातर्फे बोलणारा पुरुष कुठाय?’

‘नाही आणला, मास्तर.’

‘नाही आणला म्हणजे? बाजारात मिळत नव्हता?’

‘मिळत होता. पण त्याला कोर्समधलं काही कळत नाही, आणि मला पुरुषांमधलं कळत नाही. म्हणून म्हटलं मीच बोलते.’

आतून सेरेआना काकू, म्हणजे मास्तरांची बायको, खो खो हसली. मास्तरांनी मिशीतल्या मिशीत हसू दाबलं आणि म्हणाले, ‘बोल मग.’ आणि केलेराने सगळं सांगितलं, गुरुवारचंही सांगितलं. गुरुवार ऐकून म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर काय उजेड पडला म्हणे! ‘सगळी बेटं? एकाच वेळी? रोटुमापण?’ आणि मुळी हातात घेतली, रीतीच्या टाळ्या वाजवल्या. झालं. मुळी घेतली म्हणजे शब्द बांधला गेला. कुणाचा? मावशीचा ना? पण पुढे हात कुणाचा होता? केलेराचा.

मग कामाला लागले दोघं. अगं, काय धमाल केली त्यांनी! मास्तर बोलायला लागले की दोन दोन तास थांबायचे नाहीत आणि केलेरा त्याचे पाच मिनिटांचे तुकडे करायची.

‘हे काय कापलंस? ती माझी लाकेम्बाच्या डुकराची गोष्ट आहे!’

‘मास्तर, बेटावरच्या माणसाला टेकडीवर चढल्यावर कुठे रेंज मिळते. तो उन्हात उभा राहून तुमचं डुक्कर ऐकेल?’

‘माझं डुक्कर पावसातसुद्धा ऐकतात.’

शेवटी डुक्कर ठेवलं. अर्धं.

वर्गात मास्तरांची एक युक्ती होती. सगळ्यांना डोळे मिटायला लावायचे, इंजिन सुरू करायचे आणि विचारायचे, ‘काय दुखतंय याला?’ नुसत्या आवाजावरून ओळखायचं. ‘इंजिन म्हणजे सासू. ओरडते तोवर भिऊ नका. गप्प झाली की भ्या.’ आता हे फोनवर कसं आणायचं? केलेराने डोकं लढवलं. दोघांनी नदीकाठी चांगली धडधाकट इंजिनं मुद्दाम बिघडवली. एकाच्या पेट्रोलमध्ये पाणी घातलं, एकाचा प्लग काजळीने भरला, एकाच्या थंडाव्याच्या पाण्याची वाट बुजवली. आणि एकेकाचं कण्हणं रेकॉर्ड केलं. शेजारपाजारचे बघायला जमले. सेरेआना काकू म्हणाली, ‘जन्मभर इंजिनं बरी केली याने. आता म्हातारपणी आजारी पाडायला लागलाय.’

आणि ते कोर्समध्ये असं बसलं म्हणतेस! पोरांनी आवाज ऐकायचा, रोग निवडायचा. चुकीचा निवडला की मास्तर ‘चूक’ म्हणत नाहीत, म्हणतात, ‘परत ऐक. तुला घाई कसली, भरती यायला वेळ आहे.’ हे केलेराचं काम. मास्तरांचं शिकवणं तसंच्या तसं उचलायचं आणि एकही थेंब सांडू द्यायचा नाही.

मधेच एकदा मास्तर चिडले. त्यांना आपला एक धडा आवडला नव्हता, म्हणाले, पुसून टाक. केलेरा म्हणाली, ‘आमच्यात पुसत नाहीत, मास्तर. हे बघा, धड्यापुढे एक डोळा असतो. त्यावर बोटाने दाबलं की डोळा मिटतो. पोरांना धडा दिसत नाही, पण असतो तिथेच. परत दाबलं की उघडतो.’

‘म्हणजे मेलेला नसतो. झोपलेला असतो.’

‘हो.’

‘वादळाच्या दिवसांत होडीघरात ठेवलेल्या इंजिनासारखा,’ मास्तर म्हणाले आणि स्वतःवरच खूश झाले.

आता ऐक, इथून नीट ऐक.

कोर्स होत आला, तेव्हा लोसा मावशीने केलेराला परत बोलावलं. ‘बाळा, पोरं जे जे विचारू शकतील ते सगळं मास्तरांकडून आत्ताच वदवून घे. चक्रीवादळ आलं, लाइन गेली, गुरुवार बुडाला, तर त्या बिचाऱ्यांनी काय करायचं?’

बरोबर वाटतं की नाही? मला पण वाटलं असतं. केलेराला तर मावशीचा अभिमानच वाटला, की बघा, बेटांवरच्या पोरांचा किती विचार करते. ती रोज नौसोरीला जायला लागली. काकूच्या हातचा तळलेला बाबाकाउ खायचा, चहा प्यायचा आणि मास्तरांना प्रश्नांवर प्रश्न. इंजिन सुरूच होत नसेल तर? सुरू होऊन लगेच बंद पडत असेल तर? दोरी अडकली तर? खारं पाणी आत गेलं तर? भाग मिळतच नसेल तर कशाचा जुगाड करू? मास्तर सांगायचे, ही रेकॉर्ड करायची. शेवटच्या दिवशी मास्तर भिंतीला टेकले आणि म्हणाले, ‘पोरी, तू मला उसासारखं पिळलंस. आता नुसता चोथा राहिलाय.’

केलेरा हसली. काय सांगू तुला, ते हसणं आता तिला झोपू देत नाही.

आणि त्यांच्या धंद्यात एक रीत आहे. कोर्स तयार झाला की तो एका अनोळखी माणसाला द्यायचा, ज्याने शिकवणाऱ्याला कधी पाहिलंच नाही. तो कुठेही न अडता शेवटपर्यंत गेला तर कोर्स पास. यांनी तो रोटुमाच्या एका बोटवालीला दिला. ती नवीनच लग्न होऊन तिथे गेलेली, मास्तरांचं नावसुद्धा तिने ऐकलं नव्हतं. नवरा बाहेरगावी, इंजिन महिनाभर बंद. तिने फोन बघत बघत इंजिन उघडलं, साफ केलं, बंद केलं, दोरी ओढली आणि निरोप पाठवला, ‘सुरू झालं. हे मास्तर कोण आहेत मला माहीत नाही, पण त्यांना सांगा.’

केलेरा अख्ख्या खोलीत नाचली गं माझ्यासमोर! आणि सकाळी पळत जाऊन मावशीला दाखवलं.

मावशीने निरोप वाचला. परत वाचला. ‘म्हणजे तिला कुणाला काही विचारावं लागलं नाही?’

‘नाही!’

‘एकदाही नाही?’

‘नाही गं मावशी, एकदाही नाही!’

आपल्याच हाताने बाईने कुऱ्हाड आणून दिली. धार लावून.

उद्घाटन मंगळवारी होतं. परदेशातून देणगीवाले आले होते, केंद्राच्या पोरांनी खुर्च्या मांडल्या होत्या, बाहेर सुव्हाचा नेहमीचा पाऊस. मास्तर पहिल्या रांगेत. निळा फुलांचा शर्ट, कमरेला गुंडाळलेला कडक इस्त्रीचा सुलू, केसांना तेल. सेरेआना काकू शेजारी. लोसा मावशीने मास्तरांच्या गळ्यात फुलांचा हार घातला, फोटो काढला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांची छाती दोन वीत फुगली.

मग मावशी पडद्यापाशी गेली. ‘आणि आता आमची सगळ्यात खास गोष्ट,’ असं म्हणून तिने एक बटण दाखवलं. त्यावर मास्तरांचा टोपी घातलेला चेहरा. ते चित्र केलेरानेच काढलेलं होतं, गुरुवारच्या तासासाठी. खाली लिहिलेलं, ‘मास्तरांना विचारा’. पाहुण्यांपैकी एकाने गमतीत म्हटलं, ‘माझं इंजिन सुरू होत नाही.’ मावशीने ते टाइप केलं, बटण दाबलं, आणि पडद्यावर मास्तर आले, स्वतःच्याच चटईवर बसलेले. ‘आधी पेट्रोल बघ. पेट्रोलमध्ये पाणी असेल तर देव आला तरी इंजिन सुरू होणार नाही.’

सगळे हसले. मास्तर सगळ्यात मोठ्याने हसले, काकूला कोपरखळी मारली. पाहुण्यांनी आणखी विचारलं, पडद्यावरचे मास्तर आणखी सांगत गेले. टाळ्याच टाळ्या. तेवढ्यात खुर्चीतले मास्तर उठले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, ‘मॅडम, मग गुरुवारी मी किती वाजता येऊ?’

मावशी गोड हसली. गोड, बरं का. ‘मास्तर, तुम्ही खूप धावलात. आता आराम करा. तुमचं सगळं आमच्याकडे नीट जपलेलं आहे.’

आणि लोकांनी परत टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं, किती छान बोलली. मास्तर उभेच. त्यांनी गळ्यातल्या हाराला हात लावला. तेव्हा त्यांना कळलं, की हार कशाचा होता. सत्काराचा नव्हता, निरोपाचा होता. आणि मग त्यांनी मान वळवून केलेराकडे बघितलं.

रागाने नाही बघितलं गं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. नुसतं बघितलं, जसं एखाद्या इंजिनाकडे बघतात, की याला काय झालं?

केलेराने तिथेच फोनवर कोर्स उघडला. गुरुवारचा तास दिसेना. खाली बघितलं, वर बघितलं. होता. पण डोळा मिटलेला.

पाहुणे गेल्यावर ती मावशीच्या खोलीत शिरली. दार वाजवलं नाही.

‘तू शब्द दिला होतास.’

‘बस आधी.’

‘मी मुळी ठेवली त्यांच्यापुढे! माझ्या हाताने!’

‘म्हणूनच तर तुला पाठवलं होतं,’ मावशी म्हणाली, आणि मग तिलाच कळलं आपण काय बोललो, म्हणून घाईने पुढे बोलत सुटली. ‘अगं, देणगीवाल्यांची अट होती. एकदा केलेला कोर्स आपल्या पायावर चालला पाहिजे, दरमहा कुणाचा पगार नको. तरच पुढची मदत. हाच कोर्स आता टोंगाला जाईल, सामोआला जाईल. केंद्रात तुम्ही आठ जणं आहात, तुमच्या चुली कशा पेटायच्या? एका म्हाताऱ्याचा गुरुवार घेऊन बसू का मी?’

‘हे तुला कधीपासून माहीत होतं?’

मावशी टेबलावरचे कागद आवरायला लागली.

‘मुळीच्या आधीपासून?’

‘तुला सांगितलं असतं तर तू गेलीच नसतीस. तुला खोटं बोलता येत नाही, केलेरा. लहानपणापासून येत नाही. म्हणून तुला खरं वाटेल असंच सांगावं लागलं.’

काय बाई आहे बघ! जिने वेण्या घातल्या, तिनेच. केलेराचा खरेपणा हेरून ठेवला होता, वेळेला वापरायला.

आता पुढे. बातमी समुद्रावरून कशी जाते तुला माहीत आहे, वाऱ्याच्या आधी पोचते. बेटांवरच्या बोटवाल्यांना कळलं, त्यांनी ओरड केली, आणि शुक्रवारी रेडिओवाल्यांनी मास्तरांना बोलावणं धाडलं, की सोमवारी सकाळच्या कार्यक्रमात या आणि काय झालं ते सांगा. आणि सोमवारीच कोर्स सुरू होणार! लोसा मावशीच्या पायाखालची वाळू सरकली. संध्याकाळी ती आमच्या खोलीवर आली. हो, या खोलीवर, तू बसलीयेस ना, तिथेच बसली. पिशवीतून एक कापडात गुंडाळलेली वस्तू काढली. देवमाशाचा दात. जुना, तेलाने पिवळा झालेला, दोरी लावलेला. त्यांच्या घराण्यातला.

‘उद्या जा आणि सोरो कर,’ म्हणाली. ‘केंद्रातर्फे माफी माग.’

‘तू जा.’

‘माझ्या हातून घेणार नाहीत. तुझ्या हातून घेतील.’

सोरो म्हणजे काय, आपल्याला काय सांगायचं. दात पुढे केला, समोरच्याने हातात घेतला, की भांडण जमिनीत पुरलं. परत उकरायचं नाही. रेडिओवर नाही, जातीजमातीत नाही, बायकोपाशीसुद्धा नाही. म्हणजे बघ, माफीचं नुसतं नाव. मास्तरांचं तोंडच शिवायचं होतं, आणि सुई पुन्हा केलेराच्या हातात.

मी म्हटलं, जाऊ नकोस. पण ती गेली. म्हणाली, ‘केंद्राची माफी खोटी असेल, माझी खोटी नाही. मला त्यांच्यापुढे मान खाली घालायचीच आहे.’

शनिवारी सकाळी नौसोरीची बस पकडली. मास्तर चटईवर बसलेले होते, जसे काही वाटच बघत होते. काकूने चहा ठेवला आणि आत गेली. केलेरा बसली, मान खाली घातली, दात दोन्ही हातांत धरला, आणि रीतीचे शब्द बाजूलाच राहिले. सगळं भडाभडा बोलून बसली.

‘मास्तर, हा माझा नाही. मावशीचा आहे. सोमवारी तुम्ही रेडिओवर बोलू नये म्हणून पाठवलाय. घेऊ नका. तुम्ही घेतलात तर संपलं.’

मास्तरांनी चहाचा कप बाजूला सरकवला. ‘तुला वाटलं, हे मला कळलं नव्हतं?’

‘मग?’

‘आज तुझ्यामागे बोलणारा पुरुष आणलायस का?’

‘नाही.’

‘बघ. परत एकटीच आलीस.’ मग म्हणाले, ‘मी घेतला नाही, तर हा दात घेऊन तू कुणाकडे परत जाणार? त्याच मावशीकडे ना? तुला आई नाही. नोकरी तिची, गावचं घर तिचं. बेटावर सोडलेल्या कुत्र्यासारखी गत होईल तुझी.’

‘होऊ दे.’

‘होऊ दे म्हणायला तुझं वय आहे. होऊ द्यायला माझं नाही.’

आणि हात पुढे केला. केलेराने दोरी घट्ट धरून ठेवलेली. दात त्यांच्या तळहातावर, दोरी हिच्या मुठीत. आणि तेव्हा मास्तरांनी एक विचारलं. अगदी हळू, आतल्या काकूलाही ऐकू जाणार नाही असं.

‘माझा गुरुवार मेलाय की झोपलाय?’

‘झोपलाय,’ केलेरा म्हणाली.

‘बरं,’ मास्तर म्हणाले. एवढंच. आणि दात घेतला, टाळ्या वाजवल्या, रीतीप्रमाणे म्हणाले की पुरलं, आता यातलं काही माझ्या तोंडून निघणार नाही, आणि तुझ्याही निघू नये. काकूने रोटी-भाजी वाढली. जेवताना तिघंही पावसाबद्दल बोलले.

मास्तरांनी रेडिओवाल्यांना ‘येत नाही’ म्हणून कळवलं. मावशीचा फोन आला. ‘शाब्बास, बाळा! आता पुढचा कोर्स चटया विणण्याचा. मोआला बेटावर एक म्हातारी आहे, फार छान विणते. पुढच्या आठवड्यात मुळी घेऊन जा.’ असं म्हणाली! लाज म्हणून नाही. केलेराने मधेच फोन ठेवला.

आणि आता आज. रविवार. सकाळपासून ती आत कॉम्प्युटरपुढे बसलीये, चर्चमध्येही आली नाही. उद्या कोर्स सुरू होणार. पोरांनी नावं नोंदवली तेव्हा केलेरानेच सगळ्यांना कळवलं होतं, की दर गुरुवारी मास्तर भेटतील. म्हणून निरोपावर निरोप येताहेत. कांदावूचा एक विचारतो, ‘गुरुवार दिसत नाही, माझा फोन बिघडलाय का?’ ती रोटुमाची बोटवाली लिहिते, ‘इंजिन परत घरघरतंय. या वेळी मला मास्तरांनाच ऐकवायचंय.’ आणि समोर तो डोळा, मिटलेला. केलेराला उघडायचा अधिकार आहे. एकदा दाबलं की सगळ्या बेटांना दिसेल, आणि गुरुवारी ठरल्या वेळी मास्तरांच्या फोनवर घंटी वाजेल, तो फोन केलेराने त्या तासाला आधीच जोडून ठेवलाय. कुणी काही बोललं असं होणार नाही. मास्तर बोलले नाहीत, ही बोलली नाही, मला सांगितलं ते सोड. पोरांनी हाक मारली, एवढंच.

पण सोरो झालाय गं! तिच्या हाताने झालाय. पुरलेलं तीच उकरणार? मास्तरांनी जे दिलं ते तिची नोकरी राहावी म्हणून दिलं, ते ती पाण्यात टाकणार? आणि नाही उघडला, तर मग मावशीत आणि तिच्यात फरक काय राहिला?

मी म्हणते, त्यांनी उगीच विचारलं नाही, की मेलाय की झोपलाय. म्हाताऱ्याने वाट दाखवलीये. ती म्हणते, नाही, त्यांना फक्त खात्री करून घ्यायची होती, जसं आपण कुणी गेल्यावर विचारतो, की शेवटी फार त्रास तर झाला नाही ना. आम्ही यावर भांडलो पण. आणि ती आत बसलीये, बोट त्या डोळ्यावर ठेवून. ठेवलंय म्हणजे दाबलं नाही अजून, नुसतं टेकवलंय. मला म्हणाली, बाहेर जा, मला कुणाचं ऐकायचं नाही.

म्हणून तुला बोलावलं. तू मास्तरांना ओळखत नाहीस, मावशीला ओळखत नाहीस, त्या दोघांना तू अगदी अनोळखी. खरं सांग. तू तिच्या जागी असतीस, तर तू काय केलं असतंस?